लक्षाधीशाच्या अंगात माझा कोट

सिनेमातला श्रीमंत माणूस भर दुपारी रेशमी झगा घालून जिन्यावरून उतरायला लागला की मला किळस येते. झग्याला दोरी, दोरीला गोंडा. तो गोंडा फिरवत तो नोकराला विचारतो, "आज वार कोणता रे?" ज्याने आपल्या हाताने चार पैसे मिळवलेत त्याला वार माहीत नाही, असं कधी झालंय? मला वार ठाऊक असतो, तिथी ठाऊक असते, संध्याकाळी सुटलेला ट्रक या घटकेला कुठल्या घाटात असेल तेही ठाऊक असतं. ठाऊक नसतं तर मी अजून दुसऱ्याच्या आंब्याच्या पेट्यांना खिळेच ठोकत बसलो असतो.

ऐंशी सालानंतर आमच्याकडे व्हिडिओ आला. आमचं गाव पालीपासून आत, डांबरी रस्ता सोडून तासाभराच्या चालीवर. कुणाकडे पूजा असली, बारसं असलं की रत्नागिरीहून भाड्याचा रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ जीपमधून यायचा, नव्या नवरीसारखा गादीत गुंडाळून. ओळीने तीन सिनेमे लागायचे आणि त्यांतल्या दोनांत हा माणूस हटकून असायचा. एकात तो कुत्र्याला चांदीच्या ताटात जेवायला घालायचा. एकात भिकाऱ्याचं सोंग घेऊन स्वतःच्याच गिरणीच्या दारात बसायचा आणि जो पहिला अर्धी भाकरी देईल त्याला गिरणी देऊन टाकायचा. वाचनालयातल्या कादंबऱ्यांतही तोच. कादंबऱ्या मी वाचल्या आहेत. पेटीवर पत्ता नीट लिहिता यावा म्हणून मी मोठेपणी अक्षर गिरवलं, आणि अक्षर आलं की वाचायची खोड लागते.

या साऱ्या लक्षाधीशांत मला एक गोष्ट दिसली. त्यांच्यातला कुणी कधी काही विकत नाही, काही घेत नाही. भाव करताना एकही दिसत नाही. पैसा आला कुठून, तर वडिलोपार्जित, नाहीतर "मी रस्त्यावरून वर आलोय" असं एक वाक्य, संपलं. रस्त्यावरून वर येताना काय काय होतं ते लिहिणाऱ्याला माहीत नसतं, म्हणून ती जागा तो चाळ्यांनी भरतो. घड्याळं उलटी लावणं, मांजरांच्या नावाने मृत्युपत्र करणं. लोक हसतात. लिहिणाऱ्याचं काम झालं.

मला लोक शेट म्हणत. मोहोर बघून मी बागा कराराने घेत असे. म्हणजे झाडावर फळ वाटाण्याएवढं असताना मालकाला रक्कम ठरवून द्यायची, मग पुढे तुडतुड्याची कीड पडो, वारा येवो, नशीब तुमचं. एप्रिलमध्ये झाडांवरचा आंबा मोजला तर मी लक्षाधीश असायचो. एक दिवस ढगाळ हवा आली की पुन्हा खिळे ठोकणारा. असल्या माणसाचं डोकं तापट असतं, यात नवल काय? गड्यांवर मी ओरडायचो, मालकांशी भांडायचो, मुंबईच्या दलालाला पत्रातून शिव्या लिहायचो. हे सगळं मला मान्य आहे. ते कुणी नाटकात घातलं असतं तर मी तक्रार केली नसती.

मे महिन्यात मुंबईकर गावाला आले की वाचनालयाचा वर्धापनदिन आणि त्या दिवशी नाटक, अशी रीत होती. त्या साली मंडळी माझ्याकडे आली. पुढे नाटक लिहिणारा, आमच्याच गावचा, रत्नागिरीला कचेरीत कारकून. त्याच्यामागे राजापूरच्या एसटीवरचा कंडक्टर. तो गावचा मुख्य नट, कारण त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा.

"शेट, स्टेजला फळ्या लागतील," कंडक्टर म्हणाला.

"पेट्यांच्या फळ्या पातळ असतात. नाचणार असाल तर मोडतील."

"नाचत नाय वो. सामाजिक हाय. खाली वासे घालू."

"किती?"

"दोनशे द्या."

"दीडशे. एक खिळा मारायचा नाही, सुंभाने बांधायच्या. आणि पडद्यावर माझ्या पेटीची जाहिरात."

"पडदा रंगवून झालाय शेट," कारकून म्हणाला.

"मग शंभर."

"रंगवू परत!" कंडक्टर घाईने बोलला. "ढगांत जागा हाय."

असं ठरलं. मग निघता निघता कारकुनाने हळूच विचारलं, "तुमचा तो काळा कोट मिळेल का? लग्नाबिग्नात घालता तो."

"कशाला?"

"लक्षाधीशाला."

"कसला लक्षाधीश?"

"चक्रम," कंडक्टर म्हणाला. कारकुनाने त्याच्या पायावर पाय दिला.

"विक्षिप्त," कारकून म्हणाला. "म्हणजे स्वभाव जरा वेगळा. पण शेवटी सुधारतो."

"कशाने?"

"एक गरीब मुलगी त्याला आपली भाकरी देते. मग तो सगळी इस्टेट वाटून टाकतो."

"एका भाकरीला सगळी इस्टेट?"

"नाटक आहे शेट."

"असू दे. भाव जास्तच होतो."

दोघेही हसले, मीही हसलो, आणि कोट दिला. घेणाऱ्याला नेमका माझाच माल का हवा आहे, हे विचारल्याशिवाय मी जन्मात काही विकलं नव्हतं. त्या दिवशी विचारायचं राहिलं.

राजापूरच्या पाहुण्यांना शेवटची गाडी मिळावी म्हणून नाटक संध्याकाळी पाचलाच सुरू झालं. शाळेच्या पटांगणात माडाच्या झापांचा मांडव, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. मी ट्रक भरायचं काम गड्यांवर टाकून पुढच्या रांगेत येऊन बसलो. पडद्यावरच्या ढगांत माझी पेटी होती, म्हणून मन बरं होतं.

आमच्याकडे शिमग्यात नमनाचे खेळ होतात, त्यांत एक पद्धत आहे, ती नाटकातही चालते. एखादा प्रवेश आवडला की बघणारा बक्षीस पाठवतो. पैसे आणि सोबत चिठ्ठी. स्टेजवरचा नट होता तिथे थांबतो, चिठ्ठी मोठ्याने वाचतो, आभार मानतो आणि मागणी असेल तर तो प्रवेश पुन्हा करतो. चिठ्ठीत जे लिहिलं असेल ते शब्द न गाळता वाचायचं. ज्याने पैसे दिले त्याचा तो हक्क. राजा मरत असला तरी चिठ्ठी आली की उठून वाचतो आणि परत मरतो.

कंडक्टर माझा कोट घालून आला. टाळ्या पडल्या. गड्यावर ओरडला, भाव पाडला, छत्रीने फणस ठोकून बघितला. लोक माझ्याकडे बघून हसत होते. मी मान हलवत होतो. बरं करतोय, म्हटलं, ओरडायला शिकलाय.

दुसऱ्या प्रवेशात पडदा उघडला तर स्टेजवर पेंढा पसरलेला आणि त्यात लाकडी आंबे मांडलेले. अढी. आंबा पिकत घालतात ती. कंडक्टरने इकडे तिकडे बघितलं, दाराला कडी लावल्यासारखं केलं, गुडघ्यावर बसला आणि एकदम मऊ आवाजात म्हणाला, "उठलात का रे बाळांनो? कोण तयार झालं? मागच्यांनी घाई करू नका. गाडीत सगळ्यांना जागा आहे."

मांडव कोसळेल असं लोक हसले.

मी हसलो नाही. कारण ते शब्द माझे होते. पहाटे अढीची खोली उघडायची, आतून कडी लावायची, एकेक आंबा उलटायचा, सडायला लागलेला बाजूला काढायचा, आणि हे करताना त्यांच्याशी असं बोलायचं, ही माझी जुनी सवय. आवाजसुद्धा तोच. तो आवाज मी बाहेर कुठे वापरलेला नाही. बाजारात तो आवाज काढला असता तर मला लोकांनी सोलून खाल्लं असतं.

चिठ्ठी आली. कंडक्टर उठून वाचू लागला, "खालच्या वाडीतल्या मुंबईकर मंडळींकडून रुपये अकरा. बाळांना उठवण्याचा प्रवेश पुन्हा." पुन्हा झाला. दुसरी चिठ्ठी आली. पुन्हा. तिसऱ्या वेळी मागची पोरंच ओरडायला लागली, "मागच्यांनी घाई करू नका!" आणि मग हळूहळू सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. पुढच्या रांगेतल्या माणसाने बक्षीस द्यायचं असतं. दिलं तर मी त्या सोंगाला पावती दिली, न दिलं तर कवडीचुंबक.

गावाने हसावं, त्याचं मला फारसं वाटत नव्हतं. पण हे माझ्या कडी लावलेल्या खोलीतून बाहेर गेलं होतं. मोसमात दोन गडी आमच्या पडवीत राहायचे. त्यांच्यापैकीच एकाने विकलं, याबद्दल मला शंका नव्हती. कोणत्या, एवढंच कळायला हवं होतं. त्याला त्याच संध्याकाळी हाकलायचा असं मी बसल्या जागी ठरवलं. आणि मला माणसाचा भाव कळतो, अशी माझी समजूत होती. मी खिशातून शंभराची नोट काढली, वर एक रुपया ठेवला आणि पेन्सिलीने चिठ्ठी लिहिली.

कंडक्टरने ती वाचायला सुरुवात केली. "शेटकडून रुपये एकशे एक." टाळ्या. "आंब्यांशी बोलायची गोष्ट नाटकवाल्यांना ज्याने सांगितली," त्याने विंगेकडे बघितलं. मग माझ्याकडे. "शेट, पुढचं वाचू?"

"वाच. पैसे दिलेत."

"त्याने उभं राहावं आणि हे बक्षीस घेऊन जावं."

मी मागे वळून माझ्या दोन गड्यांना शोधत होतो. ते दोघे ट्रकजवळ होते, हे माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं, इतका मी तापलो होतो.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने आवाज आला. "मी सांगितलं."

माझी बायको उभी होती. अठरा वर्षांच्या संसारात चार माणसांसमोर तिचा आवाज मी ऐकला नव्हता.

"कंडक्टर, आणा ते एकशे एक इकडं," ती म्हणाली.

तो माझा कोट घालून स्टेजवरून उतरला, बायकांच्या रांगांतून वाट काढत गेला आणि दोन्ही हातांनी पैसे तिला दिले. तिने पदराला गाठ मारली आणि खाली बसली. मग जे हसू उठलं, त्यापुढे आधीचं काहीच नव्हतं. राजापूरचे पाहुणे डोळे पुसत होते.

मी उठून गेलो नाही. उठून जाणं म्हणजे तोट्यात माल सोडून येणं. मी शेवटपर्यंत बसलो. त्या गरीब मुलीने भाकरी दिली. लक्षाधीशाने ती कपाळाला लावली, तीन मिनिटांत रडला, बागा वाटल्या, घर वाटलं, आणि पडदा पडला. जे लोक मघाशी हसून लोळत होते तेच आता नाक शिंकरत होते. मला दोन्हींची सारखीच शिसारी आली. या माणसाने बागा मिळवल्या कशा, हे एकानेही विचारलं नाही, म्हणून तो त्या वाटून टाकतो तेव्हा एकालाही धक्का बसला नाही.

मांडवामागे कारकून सापडला. "माझ्या अढीत तुझं काय काम होतं?" मी विचारलं.

"शेट, मनाला लावून घेऊ नका. पात्राला काहीतरी विक्षिप्तपणा लागतो."

"का लागतो?"

त्याने खरं उत्तर दिलं, हे मी मान्य करतो. तो म्हणाला, "श्रीमंत माणूस थोडा वेडा दाखवला तर लोकांना आवडतो. शहाणा दाखवला तर त्यांना त्याचा राग येतो."

"मग येऊ दे ना राग! रागावलेल्या माणसाशी मला बोलता येतं. हसणाऱ्याशी काय बोलू?"

"पण तो वेडा नाय वो वाटला," मागून कंडक्टर बोलला. "गोड वाटला. बायका सगळ्या म्हणतायत."

मी त्या दोघांना जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. कोट परत घेतला. काखेत घामाने भिजला होता.

घरी जाताना बायको नेहमीसारखी चार पावलं मागे होती. पाणंदीत कुणी नव्हतं. मी न वळता विचारलं, "कुणाला सांगितलंस?"

"त्याच्या आईला. गेल्या साली आंबापोळी घालायला आली होती."

"का?"

"ती म्हणाली, तुझा नवरा गड्यांवर एवढा ओरडतो, तुझ्यावर पण ओरडत असेल. मी म्हटलं, ओरडतात. पण माणूस तसा नाय. पहाटे येऊन ऐका, अढीत काय बोलतात ते. मला वाटलं तिला कळेल. तिने लेकाला सांगितलं, त्याला मी काय करू?"

"तू ऐकतेस?"

"ऐकायचं काय? भिंतीपलीकडे माझी चूल हाय. लग्न झालं त्या पहिल्या मे महिन्यात मला वाटलं, आत कोण पाहुणा आलाय. एवढं गोड कुणाशी बोलतायत म्हणून मी दोन कप चहा टाकला होता. माझ्याशी नाय कधी तसं बोललात. म्हणून मी ते निम्मं माझं समजून ऐकते."

मी चालत राहिलो. मग काय वाटलं कोण जाणे, मी तिला ते सांगितलं. बारा वर्षांचा असताना मी पूर्णगडच्या वर एका बागेत राखणीला होतो. एक खोपी, एक गोफण, माकडं. मालक आठ दिवसांनी तांदूळ आणि सुकी मासळी टाकून जायचा. खाली खाडी दिसायची, होड्या दिसायच्या, पण माणसाचा आवाज वरपर्यंत यायचा नाही. पहिले आठ दिवस संपले आणि मालक हाक मारत आला तर मला ओ देता येईना. घशातून आवाजच फुटेना. मी घाबरलो. दुसऱ्या दिवसापासून कैऱ्यांशी बोलायला लागलो, आवाज राहावा म्हणून. आई आम्हाला उठवताना जे शब्द वापरायची ते वापरले. दुसरे येत नव्हते.

"हे मला कधी सांगितलं नाहीत," ती म्हणाली.

"विचारलंस कधी?"

"तुम्ही ओरडला असतात." मग पाचदहा पावलांनी, "मी त्याच्या आईला हेच सांगितलं असतं. मग कुणी हसलं नसतं."

मला वाटलं, इथे संपलं. पण ती माझ्याबरोबर राहून भाव करायला शिकली होती. शेवटचा प्रश्न तिने घराच्या पायरीवर विचारला.

"आता तर घरात मी हाय. गडी हायत, बोलायला माणसं हायत. मग आता त्यांच्याशी कशाला बोलता?"

सौद्यात जो गप्प राहतो तो हरतो, हे मला बारा वर्षांचा असल्यापासून माहीत आहे. म्हणून मी ओरडलो. गड्यांनी ट्रक अर्धाच भरलाय, अंगणात पेंढा तसाच पडलाय, आणि घरातली बाई नाटकं बघत हिंडतेय. ती आत गेली. मी ट्रककडे गेलो आणि सगळी दोरखंडं सोडून पुन्हा बांधायला लावली. काही गरज नव्हती.

त्या कारकुनाने पुढे राज्य स्पर्धेपर्यंत मजल मारली, असं ऐकलं. लोक अजून मला म्हणतात, तुमच्यामुळे त्याचं नाव झालं. त्याने माझा काळा कोट नेला होता तो परत दिला. दुसरं जे नेलं त्याची परतफेड करायची पद्धत नाही, आणि ज्याच्यासाठी नेलं ते नाटक भिकार होतं, हे मी आजही सांगेन.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी अढीची खोली उघडली. कडी लावली. वास चांगला सुटला होता, वरची रांग बहुतेक तयार होती. भिंतीपलीकडे फुंकणीचा आवाज येत होता. मी गुडघ्यावर बसलो, पहिला आंबा उचलला, आणि पलीकडची फुंकणी थांबली.

ती थांबली आहे, ऐकते आहे, हे मला ठाऊक होतं. मी दुसरा आंबा उलटला. तिसरा. तोंड उघडलं तर गळ्यात कंडक्टरचा आवाज येईल असं वाटलं. अख्खी रांग मी मुकाट्याने उलटली, लागलेले तीन बाजूला काढले. बऱ्याच वेळाने पलीकडे तिने पुन्हा फुंकणी उचलली. चूल विझत आली असावी, कारण मग तिला खूप वेळ फुंकावं लागलं.